देवमाणूस म्हणू नका, गुलमोहराचं भांडण सांगा

पत्र

आमच्या वानवडीच्या सोसायटीत तळमजल्यावर एक निवृत्त पाळक राहायचे. ल्यूथरन, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चचे. मूळचे सौंसरकडचे, म्हणून बोली मराठीच, पण आयुष्यभराची सेवा छिंदवाडा-बैतूल भागात झाल्यामुळे मधूनच हिंदी घुसायची. निवृत्तीनंतर लेकीकडे पुण्यात आले. आम्ही त्यांना पास्टर काका म्हणायचो. वॉचमन 'फादर' म्हणायचा आणि ते दर वेळी त्याला सांगायचे, "अरे बाबा, फादर नाही, माझं लग्न झालंय." दर शनिवारी पार्किंगमध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे आणि कामवाल्या मावशींचे, वॉचमनचे, इस्त्रीवाल्याचे फॉर्म भरून द्यायचे.

गेल्या महिन्यात काका गेले. पुढच्या महिन्यात त्यांच्या लेकीनं लष्कर भागातल्या मराठी चर्चमध्ये उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवली आहे. शेजाऱ्यांच्या वतीनं मी पाच मिनिटं बोलावं अशी तिची इच्छा आहे. मी ख्रिस्ती नाही, बँकेत नोकरी करते, भाषणाची सवय नाही. सोसायटीच्या ग्रुपवर सगळे 'देवमाणूस', 'संत', 'कधी आवाज चढवला नाही' असं लिहीत आहेत. कमिटीनं फ्लेक्स ठरवला आहे: हार घातलेला फोटो, 'कै.' आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'. शिवाय घरटी वर्गणी काढून बागेत संगमरवरी बाक, आणि उरलेले पैसे 'त्यांच्या आत्म्यासाठी' एखाद्या आश्रमाला. लेक कशालाच हो किंवा नाही म्हणत नाही.

माझी आई आयसीयूत होती तेव्हा काका रात्रभर माझ्याबरोबर बाकावर बसले होते. पहाटे म्हणाले, "हरकत नसेल तर प्रार्थना करू?" मी हो म्हटलं. आई दोन दिवसांनी गेलीच. हे सांगावंसं वाटतं, पण नवरा म्हणतो, लोक भलता अर्थ काढतील.

आणि एक. काकांनी आवाज चढवला होता. कमिटीनं पार्किंगसाठी गुलमोहर तोडायचं ठरवलं तेव्हा ते माझ्या सासऱ्यांना, अप्पा सेक्रेटरी होते, सगळ्यांसमोर नको ते बोलले. कित्येक महिने दोघांचं बोलणं बंद. मग एका संध्याकाळी काका तिसऱ्या मजल्यावर जिना चढून आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "झाडाबद्दल माझं मत तेच आहे. पण मी तुम्हाला जे बोललो ते चुकीचं होतं. माफ करा." पुढे अप्पा जाईपर्यंत दोघं रोज एकत्र पेपर वाचायचे. सासूबाई म्हणतात, गेलेल्या माणसाचं असलं काढू नये. मला तर काका आठवले की आधी तो दरवाजाच आठवतो. सांगू की नको?

— एक शेजारीण, वानवडी

उत्तर

ताई, तुम्ही जे सगळ्यात शेवटी, जरा दबक्या आवाजात लिहिलंत, त्यापासूनच सुरुवात करते. सांगा. पाच मिनिटांतली तीन त्याच दरवाजाला द्या.

तुम्हाला धास्ती आहे की पाळकाच्या प्रार्थनासभेत त्याच्या रागाची गोष्ट काढणं अगोचरपणा होईल. काका ज्या परंपरेतले, तिच्या मूळ पुरुषाच्या अंत्यविधीत काय झालं ते ऐका. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचं दफन 22 फेब्रुवारी 1546 ला विटेनबर्गच्या किल्ल्यातल्या चर्चमध्ये झालं. तिथे भाषण केलं फिलिप मेलांक्थननं, त्याच्या सगळ्यात जवळच्या सहकाऱ्यानं. त्या भाषणात तो म्हणाला की ल्यूथर गरजेपेक्षा जास्त कठोर होता अशी तक्रार काही भल्या माणसांनी केली आहे, आणि मी ती नाकारत नाही. त्या कठोरपणाचे चटके मेलांक्थनला स्वतःलाही बसलेले होते. मग त्यानं त्या काळच्या मोठ्या विद्वानाचा, इरॅस्मसचा, दाखला दिला: रोगच इतका मोठा होता की देवानं या युगाला जहाल वैद्य दिला. शवपेटी समोर असताना, गावातली सगळी विद्वान मंडळी बसलेली असताना! तेव्हा एका सोसायटीतल्या गुलमोहराचं भांडण सांगितल्यानं काही बिघडणार नाही.

खरं तर तुमच्या हातात मेलांक्थनपेक्षा चांगला ऐवज आहे. त्यानं आपल्या मित्राच्या रागाला कारण पुरवलं. तुम्हाला ते करायची गरजच नाही, कारण काका स्वतः जिना चढून आले. ल्यूथरनं 1517 मध्ये जे 95 मुद्दे मांडले त्यातला पहिलाच असा आहे की ख्रिस्तानं 'पश्चात्ताप करा' म्हटलं तेव्हा श्रद्धावंताचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं असं त्याला अभिप्रेत होतं. काकांनी हे पुलपिटावरून किती वेळा सांगितलं असेल कोण जाणे. तुमच्या दारात त्यांनी ते केलं, आणि तेही निवृत्तीनंतर, जेव्हा कोणतीही मंडळी त्यांच्याकडे बघत नव्हती.

त्यांचं वाक्य जसं पत्रात लिहिलंत तसंच्या तसं बोला. मत तेच आहे, पण बोललो ते चुकीचं होतं. आपल्याकडे माफी मागायच्या दोन रीती चालतात: एक तर माणूस मतासकट सगळं गुंडाळून पाया पडतो, नाही तर 'तुम्हाला वाईट वाटलं असेल तर' असं म्हणून दोष समोरच्याच्याच गळ्यात घालतो. काकांनी यातलं काहीच केलं नाही. (झाडाच्या बाबतीत त्यांची बाजू कायद्यालाही धरून होती. महाराष्ट्रातल्या शहरांत 1975 च्या कायद्याप्रमाणे झाड तोडायला परवानगी लागते, कमिटीचा ठराव पुरत नाही. पण हे भाषणात नको, कमिटी समोरच बसलेली असेल.)

मात्र एक अट. ही गोष्ट निम्मी काकांची आहे, निम्मी अप्पांची, आणि अप्पांच्या वाट्याचा हक्क आता सासूबाईंकडे आहे. त्यांना 'सांगू का?' असं विचारू नका, नाहीच म्हणतील. लिहिलेलं वाचून दाखवा. बहुतेकदा अशा वेळी माणसांना भीती असते ती आपल्या माणसाचा अपमान पुन्हा चारचौघांत होण्याची. अप्पांना काय ऐकावं लागलं ते शब्द गाळा, ते कुणाला नकोच आहेत. 'नको ते बोलले' एवढं पुरे. पेपर वाचणारे दोघं म्हातारे त्यात आले की सासूबाईच एखादा तपशील जोडतील: कोण कुठली पुरवणी आधी घ्यायचं, चहा कुणाकडचा असायचा. आणि एवढं करूनही त्या नकोच म्हणाल्या, तर गोष्ट सोडून द्या. काकांना आता काही फरक पडत नाही, सासूबाईंना पडेल.

सगळेच दोष सांगायचे असतात असं मात्र समजू नका. काकांनी जे स्वतः तुमच्यासमोर निस्तरलं ते तुम्ही सांगू शकता. त्यांच्या घरातलं काही, भावाशी, नातेवाइकांशी असलेलं काही तुमच्या कानावर आलं असेल, तर ते तुमचं नाही.

आता 'देवमाणूस'. लिहिणाऱ्यांचा भाव चांगला आहे, त्यांच्याशी वाद घालू नका. पण तुम्ही तो शब्द टाळा, 'संत' तर नक्कीच टाळा. ल्यूथरन घरात तो शब्द कौतुकाचा वाटत नाही, थोडा अवघडल्यासारखा वाटतो. त्यांच्या शिकवणीचा कणाच हा आहे की माणूस आपल्या चांगुलपणाच्या हिशेबावर तरत नाही, देवाच्या कृपेवर तरतो. ल्यूथर वारल्यावर त्यानं लिहिलेली एक चिठ्ठी सापडली. तिचा शेवट असा होता: आपण भिकारी आहोत, हे खरं आहे. इतकी पुस्तकं लिहिलेल्या, अख्ख्या बायबलचं जर्मन भाषांतर केलेल्या माणसाचं हे शेवटचं लिखाण. त्यानं तर 1522 मध्येच लोकांना विनवलं होतं की माझ्या नावावरून स्वतःला ल्यूथरन म्हणवून घेऊ नका. लोकांनी ते ऐकलं नाही, ही गोष्ट वेगळी.

मग गेलेल्या माणसाची आठवण ठेवायचीच नाही का? ठेवायची, आणि कशी ते त्यांच्याकडे चक्क लिहून ठेवलेलं आहे. ऑग्जबर्गचा विश्वासनामा म्हणून ल्यूथरन लोकांचा मूळ दस्तऐवज आहे, 1530 चा. त्याच्या एकविसाव्या कलमात म्हटलं आहे की पूर्वजांची, संतांची आठवण जरूर ठेवावी, मात्र त्यांच्याकडे मदत मागू नये. ती ठेवायची ती आपापल्या कामाच्या जागी त्यांचा कित्ता गिरवण्यासाठी. दुसऱ्या वर्षी मेलांक्थननं, तोच तो, या कलमाचा खुलासा केला आणि गेलेल्यांचा मान तीन प्रकारे करता येतो असं सांगितलं. आधी देवाचे आभार, की असं माणूस आपल्याला मिळालं. मग आपल्या स्वतःच्या विश्वासाला बळ. आणि शेवटी अनुकरण. मधल्या मुद्द्यासाठी त्यानं उदाहरण कोणाचं घेतलं माहीत आहे? येशूचा शिष्य पेत्र याचं. येशूला अटक झाल्यावर 'मी याला ओळखत नाही' असं तीनदा म्हणणाऱ्या पेत्राचं. त्याला क्षमा मिळाली हे पाहिलं की आपल्यालाही धीर येतो, असं मेलांक्थन म्हणतो. म्हणजे या परंपरेत माणसाची चूक आठवणीतून पुसून टाकायची नसते. ती राहिली म्हणूनच ऐकणाऱ्याला धीर येतो. ग्रुपवरच्या 'कधी आवाज चढवला नाही'मधून कुणाला धीर मिळणार आहे? आपण सगळेच रोज आवाज चढवतो.

हे कलम-बिलम तुम्ही तिथे सांगायला जाऊ नका. चर्चचे पाळक संदेश देतीलच, ते त्यांचं काम. तुम्हाला हे एवढ्यासाठी सांगितलं की बोलताना पाय थरथरणार नाहीत.

आयसीयूची रात्र. तुमच्या यजमानांची काळजी मला समजते. हल्ली अशा गोष्टींचे काय काय अर्थ लावले जातात ते आपण सगळे बघतो. पण तुम्ही पत्रात लिहिलेल्या दोन गोष्टी आहेत तशा राहू द्या, म्हणजे भलत्या अर्थाला जागाच उरणार नाही. पहिली, त्यांनी आधी विचारलं. दुसरी, आई गेली. प्रार्थना केली आणि आई बरी झाली अशी ती गोष्ट असती तर कुणी तिला चमत्कार म्हटलं असतं, कुणी प्रचार. तसं झालं नाही, आणि तरी तुम्हाला ती रात्र विसरता येत नाही. का, ते समजावून सांगू नका. बाकावर शेजारी बसले होते, विचारून प्रार्थना केली, दोन दिवसांनी आई गेली. तीन वाक्यं. त्यानंतर त्यांनी कधी तुम्हाला चर्चला या म्हटलं असेल किंवा नसेल, जे असेल ते खरं सांगा. नाताळचा केक घ्यायला बोलावलं असेल तर तेही सांगा, त्यात लपवण्यासारखं काय आहे? आणि यजमानांना एवढंच विचारा की उद्या हीच गोष्ट एखाद्या कीर्तनकार बुवांची असती, तर त्यांनी तुम्हाला थांबवलं असतं का.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण ती राहिली तर मला चुटपुट लागेल. तुम्हा शेजाऱ्यांना काका माहीत आहेत ते निवृत्तीनंतरचे. त्यांचं खरं कामाचं आयुष्य गेलं तिकडे, सातपुड्यात. भारतात ल्यूथरन मिशनरी आले ते 9 जुलै 1706 ला, तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला. डेन्मार्कच्या राजानं पाठवलेले झिगेनबाल्ग आणि प्ल्युटशाऊ हे दोघं जर्मन, आणि भारतातले ते पहिले प्रोटेस्टंट मिशनरी. पुढे गुंटूरला अमेरिकन आले, रांचीला जर्मन, आणि छिंदवाडा, बैतूल, सागर या पट्ट्यात स्वीडिश. काकांची मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, त्या स्वीडिश मिशनमधून उभी राहिलेली. आपल्याकडे महाराष्ट्रात ल्यूथरन फार थोडे, म्हणून पुण्यात आल्यावर काका दुसऱ्याच चर्चला जात असणार. उत्तर भारतातली सहा चर्चेस एकत्र येऊन 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्या सहांत ल्यूथरन नव्हते. लष्करातलं तुमचं ते मराठी चर्च कोणत्या पंथाचं आहे मला माहीत नाही, पण ल्यूथरन नसेल तर काका तिथेही एका अर्थी पाहुणेच होते. तिथल्या बाकीच्यांना ते 'मागच्या बाकावर बसणारे आजोबा' एवढेच ठाऊक असायची शक्यता आहे.

म्हणून लेकीला मदत करायचीच असेल तर ही करा: तिच्याकडून काकांच्या जुन्या मंडळ्यांतले चार-पाच फोन नंबर घ्या आणि आठवणींचे आवाजी निरोप मागवा. हिंदीत येतील, मराठीत येतील, येऊ द्या. फक्त 'काका कसे होते' असं विचारू नका, नाही तर सगळीकडून 'बहुत अच्छे थे' एवढंच येईल. विचारा की पावसाळ्यात गावोगाव कशानं जायचे, कुणाच्या लग्नात उशिरा पोचले होते का, रागावले की काय म्हणायचे, कोणतं गीत चुकीच्या चालीत म्हणायचे. दफन उरकून रात्री उशिरा घरी आले की पाळकीणबाई काय म्हणायच्या, हे सांगणारं कुणी मिळालं तर सोनंच. ल्यूथरच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसणारे विद्यार्थी आणि सहकारी त्याचं बोलणं टिपून ठेवायचे. ती टिपणं त्याच्या मृत्यूनंतर 20 वर्षांनी, 1566 मध्ये छापली गेली, आणि त्यांतूनच आपल्याला तो शिव्या घालणारा, पोटदुखीनं त्रासलेला, बायकोची थट्टा करणारा माणूस भेटतो. पण कुणी काय कधी ऐकलं याचा त्यात बराच घोळ झाला, अभ्यासक अजून ते निस्तरत आहेत. तुम्ही प्रत्येक आठवणीपुढे सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि अंदाजे साल लिहा. बँकेत आहात, नोंद कशी ठेवायची ते तुम्हाला मी काय सांगणार. ही वही लेकीला द्या. सभेत वाचायची घाई नको.

आता कमिटी. फ्लेक्सवरचं 'कै.' आधी काढा. निवृत्त पाळकाला कैलासात पाठवायचं काही कारण नाही. नावापुढे 'रेव्ह.', खाली जन्म आणि मृत्यूचं साल, पुरे झालं. 'आत्म्यास शांती लाभो' हेही नको. ल्यूथरन परंपरेत गेलेल्या माणसासाठी प्रार्थना करायला कडक मनाई आहे असं नाही, पण आपल्या विनवणीनं, विधीनं किंवा पैशानं त्याची पुढची वाट सुधारते असं ते मानत नाहीत. त्या घराच्या श्रद्धेप्रमाणे काकांना शांती मिळालेलीच आहे. सांत्वन लेकीला हवं आहे. 'आम्ही तुमच्याबरोबर आहोत, वानवडीचे शेजारी' असं लिहा.

आणि 'आत्म्यासाठी' देणगी! ताई, ते 95 मुद्दे ज्या भांडणातून निघाले ते भांडण याचंच होतं. पेटीत नाणं वाजलं की मेलेल्याचा जीव यातनेतून सुटतो असं सांगून तेव्हा पैसे गोळा केले जात होते, आणि ल्यूथर त्यावरच तुटून पडला. त्याच्याच परंपरेतल्या पाळकाच्या नावानं सोसायटीनं त्याच कारणासाठी वर्गणी काढावी, हे काकांना कळलं असतं तर मला वाटतं ते पोट धरून हसले असते. आश्रमाला पैसे द्यायला कुणाची ना नाही, तिथल्या माणसांना त्यांची गरज असते. फक्त 'आत्म्यासाठी' हा शब्द काढा आणि पैसे स्वखुशीचे ठेवा, घरटी नको. घरटी वर्गणी लागली की पहिल्याच दिवशी कुणीतरी भाडेकरूनं द्यायची की मालकानं असा प्रश्न काढतो, आणि काकांचं नाव त्या वादात येतं.

बाकाबद्दल माझं मत जरा तिखट आहे. पुण्यातल्या बागांमधले संगमरवरी बाक मी बघते: उन्हाळ्यात तापलेले, पावसाळ्यात ओले, नावावर कबुतरांची शिट. बसायचंच असेल तर लाकडी पट्ट्यांचा साधा बाक करा आणि गुलमोहर अजून उभा असेल तर त्याच्या सावलीत टाका. नाव बारीक अक्षरांत. पण बाक हा मुख्य विषय होऊ देऊ नका, कारण मुख्य गोष्ट तुम्ही पत्रात एका वाक्यात सांगून पुढे गेलात.

शनिवारची खुर्ची. काका गेल्यापासून त्या मावशींचे फॉर्म कोण भरतंय?

मेलांक्थनच्या यादीतलं तिसरं, अनुकरण, हे 'आपापल्या कामाच्या जागी' करायचं असतं, आणि ते शब्द उगाच घातलेले नाहीत. ऑग्जबर्गच्या त्या कलमात तर उदाहरणही दिलं आहे: सम्राटानं बायबलमधल्या दावीदाचा कित्ता गिरवावा, कारण दोघंही राजे. तुम्ही बँकेत. केवायसी का अडकलं, खात्याला नॉमिनी का लावलेला नाही, जनधन खातं बंद का पडलं, हे तुम्हाला काकांपेक्षा जास्त कळतं. कुणाला रेशन कार्डात सुनेचं नाव चढवायचं असतं, कुणाला आरटीईच्या 25 टक्के जागांसाठी मुलाचा अर्ज भरायचा असतो आणि तो ऑनलाइन असल्यामुळे तारीख निघून जाते. कॉलेजात जाणारी दोन मुलं लॅपटॉप घेऊन शेजारी बसवलीत की निम्मं काम त्यांच्याकडून होईल. बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुटीचा असतो, तेवढे दोन धरा. दर शनिवारी बसायचं वचन देऊ नका. काका निवृत्त होते, तुम्ही नाही. आणि कृपा करून त्याला 'स्मृती सेवा केंद्र' वगैरे नाव ठेवू नका. उद्घाटन नको, रिबीन नको. खुर्ची तीच असेल तर ती घ्या, नाही तर घरातली कुठलीही. चर्चमधल्या भाषणात याची घोषणाही करू नका. दोन-तीन महिने बसून झालं की लेकीला आपोआप कळेल.

लेक गप्प का आहे असं तुम्हाला वाटतं? मला तरी ते नाराजीचं गप्प वाटत नाही. एकटीनं सगळं करताना कमिटीच्या बारा लोकांना नाही म्हणायचं बळ तिच्यात नसेल, इतकंच. तिला ग्रुपवर विचारू नका, घरी जा. 'हार चालेल ना?' असं विचारलंत तर ती चालेल म्हणेल, आपण सगळेच म्हणतो. असं विचारा: "फोटोला हार घालू, की खाली नुसती फुलं ठेवू, की फोटोच नको?" ख्रिस्ती घरांमध्ये यावर एकच रीत नाही, कबरीवर फुलं सगळेच वाहतात, फोटोच्या हाराचं घराघरात वेगळं. ती जे निवडेल ते कमिटीला तुम्ही सांगा, तिचं नाव पुढे न करता.

राहता राहिलं चर्चमध्ये वागायचं. दाराशी चपला काढलेल्या दिसल्या तर काढा, नाही तर तशाच आत जा. गीताला सगळे उभे राहतील, तुम्हीही राहा, म्हणायची सक्ती नाही. प्रभूभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, असलं तर ते घ्यायला लोक पुढे जातील, त्या वेळी जागेवर बसून राहायचं, कुणी वाईट वाटून घेत नाही. भाषण लिहून न्या आणि वाचा. पाच मिनिटं म्हणजे पाठपोट एक कागद, त्याहून मोठं नको. सुरुवात वॉचमनच्या 'फादर'पासून करा, लोक हसतील, हसू द्या. पुढे आयसीयूची तीन वाक्यं, मग तिसऱ्या मजल्याचा दरवाजा. काकांचं वाक्य संपलं की 'अशा या थोर' वगैरे काही जोडू नका. थँक यू म्हणून खाली उतरा.

नंतर चहा असेल, तो घ्या. सासूबाईंनाही घेऊन जा. 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं पुढे आली म्हणून पुण्यात केवढं ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचं भांडण, झालं होतं, टिळक आणि रानड्यांपर्यंत प्रायश्चित्ताचं प्रकरण गेलं होतं. आता तेवढी करमणूक उरलेली नाही, चहा मात्र बरा असतो.

फ्लेक्सवाल्याला आजच फोन करा. एकदा छापून आला की 'कै.' खोडायला कुणी शिडीवर चढणार नाही.